परसात दोन नर

नवं कासव घरात आणलं ते मी. माझ्या धाकट्या जावेनं ते मागितलं नव्हतं, आणि जुन्या कासवानं तर नव्हतंच. म्हणून पुढं जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

आम्ही दोघी जावा सोलापुरात शुक्रवार पेठेत राहतो. पत्र्याचं घर आहे. एक खोली आणि स्वयंपाकघर माझं, तेवढंच तिचं, आणि मागचं शहाबादी फरशीचं परस दोघींचं. दोघींचे नवरे गेले. माझी मुलं त्यांच्या त्यांच्या नोकरीच्या गावाला आहेत. तिला मूल झालं नाही. ती मला आक्का म्हणते, मी तिला धाकटी म्हणते. वयात फार फरक नाही, पण मी आधी लग्न होऊन आले एवढंच.

जुनं कासव तिचं. तिचा भाऊ ट्रक चालवायचा. बारा वर्षांपूर्वी आंध्राकडून येताना कुणाकडून तरी तो ते घेऊन आला. तळहाताएवढं होतं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. "घरात ठिव, बरकत येती," असं बहिणीला सांगून गेला. बरकत काही आली नाही. कासव मात्र राहिलं.

पहिले दोन दिवस आम्ही त्याला पाण्यानं भरलेल्या बादलीत ठेवलं. कासव म्हणजे पाण्यातलं, एवढंच आम्हाला ठाऊक. ते बादलीच्या कडेला नुसतं पाय घासत राहिलं. तिसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, "आक्का, ह्याला पवता येत न्हाय वाटतं."

"कासवाला पवता येत न्हाय?"

"न्हायच येत. बगा की, दम लागलाय त्येला."

काढून फरशीवर ठेवलं तर ते चालत जास्वंदीच्या बुडात गेलं आणि पडलेलं फूल खाऊ लागलं. जमिनीवरचं होतं ते. आम्ही त्याला बुडवून मारायला निघालो होतो.

त्यानंतर ते चांगलं वाढलं. धाकटी त्याला मेथीची पानं द्यायची, निवडुंगाचे काटे सुरीनं खरवडून फोड करून द्यायची. सकाळी धुणं धुताना ते दगडाजवळच्या उन्हात येऊन बसायचं आणि ती त्याच्याशी बोलायची. भाजी काय आणली, कुणाचं लग्न ठरलं, गुडघा किती दुखला, सगळं. मला हसू यायचं. मी सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि बापाच्या मेंढरांमागं गेले. आमच्यात जनावराशी बोलणं कामापुरतं. पण तिचं ती बोलायची, कासव मान वर करून ऐकल्यासारखं करायचं, आणि माझं त्यात काही जात नव्हतं.

मागल्या वर्षी होळीच्या आधी शेजारचं विणकर कुटुंब घर सोडून हैदराबादला मुलाकडं निघालं. त्यांच्याकडंही एक कासव होतं, तसंच चांदण्यांचं. ती शेजारीण तेलुगू वळणाचं मराठी बोलायची. दारात येऊन मला म्हणाली, "आजी, ह्येला रेलवेत कसं नेऊ? तुमच्यात एक हाय न्हवं? त्याला जोड होतंय. ठेवा तुमी."

मी कासव बघितलं. आमच्या कासवापेक्षा लहान होतं, म्हणून मी ते मादी धरलं. मेंढरात नर मोठा आणि मादी लहान, तेच मी इथं लावलं. कोकरू हातात आलं की आधी उलटं करून बघायची सवय असलेल्या बाईनं कासव उलटं करून बघितलं नाही.

आणखीही एक गोष्ट माझ्या डोक्यात होती. मेंढरू एकटं राहत नाही. कळपातून एक बाजूला काढलं तर ते चरत नाही, ओरडून ओरडून झिजतं. बारा वर्षं एक मुकं जनावर आपल्या परसात एकटं फिरतंय, ओरडता येत नाही म्हणून आपल्याला कळत नसेल, असं मला वाटलं. वाटलं ते मनापासून. मी कासव पदराखाली घेऊन आत आले.

धाकटीनं बघितलं आणि विचारलं, "ह्ये कशाला?"

"तुझ्या लेकाला बायको आणली."

ती लाजली. सत्तरीच्या जवळची बाई, कासवाच्या लग्नाला लाजली. मग आत गेली आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली, आणि नव्या कासवाच्या पाठीवर मधोमध हळदकुंकू लावलं.

जुनं कासव आलं ते सरळ नव्याकडंच. एवढं भराभर चालताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. नव्याभोवती गोल फिरलं, मग पाठीनं पाठीवर धडक दिली. टक्, टक् असा आवाज व्हायचा, दगडावर दगड आपटावा तसा. मग त्याच्या अंगावर चढलं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. एकजण म्हणाली, "आगं बया, म्हातारा लई तापट हाय की."

"बारा वर्सं थांबलाय," मी म्हणाले.

"मग आता दोन दिवस दार लावून घ्या म्हनावं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. चार दिवस आमच्या परसात हाच विषय होता.

पाचव्या दिवशी धाकटी म्हणाली, "आक्का, ती खात न्हाय." नव्याला ती अजून 'ती' म्हणत होती. मी म्हणाले, नवी जागा आहे, खाईल. पण ते खाईना. पाण्याच्या टाकीमागं भिंतीला तोंड लावून बसायचं. जुनं तिथंही जायचं, मागून ढकलायचं, पुढच्या पायाला तोंड घालायचं. एकदा मी भांडी घासत असताना बघितलं, जुन्यानं मान खाली घालून त्याच्या कडेखाली पाठ घातली आणि उचलून त्याला उलटं केलं. नवं पाय हवेत हलवत पडलं. मी जाऊन सरळ केलं. तासाभरानं परत तेच.

"ह्ये नवरा-बायकोचं न्हाय," धाकटी म्हणाली. "ह्ये मारायलंय तिला. तुमी ती परत दिऊन या."

"कुणाला परत दिऊ? ती माणसं गेली हैदराबादला."

"मग दुसऱ्या कुनाला द्या. मला ह्ये बघवत न्हाय."

इथं माझा हट्ट आला. मी आणलेली गोष्ट चुकली असं मला कुणी सांगितलेलं आवडत नाही, तिनं तर मुळीच नाही. मी तिला सांगितलं, आमच्या बापाकडं एखादी मेंढी पिल्लू जवळ घेत नसेल, लाथाडत असेल, तर आम्ही काय करायचो. दोघांना अंग वळवायलासुद्धा जागा उरणार नाही एवढ्याशा आडोशात कोंडायचो. पिल्लाच्या अंगाला मीठ चोळायचो. एक दिवस, दोन दिवस. मेंढी आधी ढुशा मारते, मग वास अंगात मुरतो, मग गप होते, मग चाटायला लागते. शंभरदा मी हे केलेलं आहे आणि शंभरदा जमलेलं आहे.

"मेंढी येगळी की, आक्का."

"जनावर ते जनावर."

भाजीवाल्याकडून टोमॅटोचं एक प्लॅस्टिकचं क्रेट मागून आणलं. परसात जास्वंदीच्या सावलीत ठेवलं, दोन्ही कासवं त्यात घातली आणि वर एक फळी टाकली, मांजर येऊ नये म्हणून. चैत्र लागला होता. त्या दिवशी आम्हाला करकंबला भाचीच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. निघताना धाकटी परसात गेली आणि परत आली.

"आक्का, जाताना तरी येगळी करू. आल्यावर परत घाला म्हनं."

"ऱ्हाऊ दे. संध्याकाळपतूर गळ्यात गळं घालत्यात का न्हाय बघ."

एसटीत ती वाटभर खिडकीबाहेर बघत बसली. डोहाळजेवणात तिला गाणं म्हणायला सांगितलं तर म्हणाली नाही. जेवण झाल्याबरोबर "निघू या" म्हणून माझ्या मागं लागली. मी अजून एक तास बसले. गप्पा रंगल्या होत्या.

आम्ही चारच्या पुढं घरी आलो. जास्वंदीची सावली सकाळी जिथं होती तिथं दुपारी नव्हती. सावली सरकते हे मला सांगायला नको होतं, सगळं लहानपण मी सावलीच्या मागं मेंढरं हलवण्यात घालवलं. क्रेट भर उन्हात होतं. फळी एवढी तापली होती की हाताला चटका बसला. जुनं एका कोपऱ्यात मान आत घेऊन बसलं होतं. नवं उलटं पडलेलं होतं. तोंडाला फेस होता, पुढच्या पायाला चावल्याची जखम, आणि पाय हलत नव्हते.

मला वाटलं मेलं.

धाकटीनं ते उचललं. ओलं फडकं गुंडाळलं, पोटाशी धरलं आणि चप्पल घालून रस्त्यावर निघाली. मी जुन्याला वेताच्या बुट्टीत घातलं आणि तिच्या मागं गेले. का घेतलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्यालाही ऊन लागलंच होतं.

रिक्षावाला म्हातारा मुसलमान होता. त्यानं बुट्टीत डोकावून विचारलं, "अम्मा, ये कछुवे किधर लेके जारे?"

"दवाखान्यात."

"मियाँ-बीवी हैं क्या?"

"व्हय," मी म्हणाले. धाकटीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

कुत्र्या-मांजरांचा दवाखाना होता. डॉक्टरीण लहान वयाची पोर, मोडनिंबची, वडलांच्या शेळ्या आहेत म्हणाली. तिनं आधी नव्याला हात लावला. कोमट पाण्याच्या उथळ टबात ठेवलं, मान वर राहील असं हातानं धरून. खूप वेळानं त्याचा एक पाय हलला. मग तिनं जखम धुतली, सुई दिली. मग सहज त्याला उलटं केलं, पोट बघितलं, शेपूट बघितली. नंतर बुट्टीतलं जुनं काढलं, त्यालाही उलटं केलं.

"आजी, ह्या लहानग्याच्या पाठीवर कुंकू कुणी लावलं?"

"हिनं," मी म्हणाले. "नवरी म्हणून."

डॉक्टरीण हसू दाबत होती. "नवरी नाहीये ही. दोन्ही नर आहेत." तिनं माझं बोट धरून दोघांच्या पोटावर फिरवलं. मधे खड्डा होता, दोघांच्याही. "मादीचं पोट सपाट असतं. नराला असा खळगा असतो. आणि शेपूट बघा, दोघांची लांब आहे. ह्या जातीत मादी मोठी असते, नर लहान."

माझी मान खाली गेली. एवढं वय झालं तरी जनावर लांबून बघून नर का मादी ते सांगण्यात माझा हात कुणी धरला नव्हता.

"तुमच्याकडं शेळ्या-मेंढ्या होत्या का?" तिनं विचारलं.

"मेंढरं."

"मग दोन मस्तीला आलेले मेंढे एका क्रेटमध्ये घातले असते का तुम्ही?"

मी नाही म्हणाले. कळपात एकच मेंढा ठेवायचा हे आमच्याकडं पोरगं बोलायला शिकतं तेव्हा त्याला कळतं. दुसरा एक तर विकायचा, नाही तर खच्ची करायचा. मी आई आणि पिल्लासाठी असलेला उपाय दोन मेंढ्यांना लावला होता.

डॉक्टरीण म्हणाली, ही जनावरं मेंढरांसारखी कळपात राहणारी नाहीत. एकटं असलं तर झिजत नाहीत, एकटीच बरी असतात. दोन नर एका बंद जागेत असले तर हरलेल्याला पळायला वाट नसते. रानात तो निघून जातो. परसात तो भिंतीला तोंड लावून बसतो आणि खाणं सोडतो. "आता ह्यांना एकमेकांच्या नजरेलासुद्धा पडू देऊ नका. हे आठ-दहा दिवसांत खायला लागलं तर जगेल. नाही लागलं तर कठीण आहे."

मग तिनं हात पुसले आणि आणखी एक गोष्ट सांगितली. ही चांदण्यांची कासवं घरात ठेवायला कायद्यानं परवानगी नाही. एकही नाही आणि दोनही नाहीत. "बरं झालं की दोन्ही वन खात्याच्या ताब्यात द्या. मी चिठ्ठी लिहून देते. आपणहून आणून देताय म्हणून सांगा."

धाकटीनं चिठ्ठी घेतली आणि कनवटीला खोचली.

घरी आल्यावर मी नव्याला घ्यायला हात पुढं केला तर ती म्हणाली, "तुमी नगा हात लावू." ते तिच्या खोलीत गेलं. जुनं परसात, म्हणजे माझ्या वाट्याला. परस आणि तिची खोली यांच्या मधलं दार बंद. आठ दिवस आमच्यात कामापुरतंही बोलणं झालं नाही. पाणी आलं की ती नळाला भांडं लावायची, भरलं की काढून घ्यायची, मग मी लावायची.

तसं हे आम्हाला नवीन नव्हतं. नवरे होते तेव्हा आम्ही एकाच चुलीवर नांदलो आणि सात वर्षं रोज भांडलो. सासूनं मधे भिंत घातली, दोन चुली झाल्या, तेव्हा कुठं एकमेकींच्या आजारपणाला उभ्या राहू लागलो. हे मला त्या आठ दिवसांत आठवत होतं. मेंढरांचं सगळं आठवलं होतं, आणि घरातलं एवढं मोठं उदाहरण आठवलं नव्हतं.

जुन्याला मी पाला टाकायची. ते खायचं आणि मग मधल्या दाराशी जाऊन धडका द्यायचं. टक्, टक्. त्याला आत कोण आहे ते कळत होतं. मला आधी त्याचा राग आला. मग तोही गेला. त्याचा काय दोष? बारा वर्षं ती फरशी, ती जास्वंद, तो धुण्याचा दगड त्याचा होता. त्यात कुणीतरी पदराखालून दुसरा गडी आणून सोडला. त्याला जोडीदार पाहिजे असं त्यानं कधी म्हटलं होतं?

मी दाराला बाहेरून पोतं लावलं, म्हणजे आवाज आत कमी जाईल. धाकटीनं ते बघितलं. काढलं नाही.

तिच्या खोलीतून पाण्याचा आवाज दिवसातून दोनदा यायचा. ती त्याला परातीत कोमट पाण्यात ठेवायची. बोलणंही ऐकू यायचं. पण जुन्याशी बोलायची तसलं नव्हे. "खा की. येवढं एक पान खा. मग नगं खाऊस." दर वेळी एवढंच. सहाव्या दिवशी तेही थांबलं, आणि मी ताटातली भाकरी तशीच झाकून ठेवली. मी रडणारी बाई नाही. जनावरं मेलेली खूप बघितली, स्वतःच्या हातानं पुरली. पण ती रोगानं मेली, दुष्काळानं मेली. माझ्या शहाणपणानं एकही मेलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली.

"आक्का. खाल्लं."

मी गेले. नवं परातीच्या कडेला मान ताणून निवडुंगाच्या फोडीचा एक लहानसा तुकडा चावत होतं. निम्मा रस हनुवटीवरून गळत होता. पाठीवरचं कुंकू धुऊन गेलं होतं. आम्ही दोघी खाली बसून ते संपेपर्यंत बघत राहिलो. बराच वेळ लागला.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"चुकलंच," ती म्हणाली. "च्या ठिवू का?"

चहा पिताना मी तिला सांगितलं की नवं तेवढं देऊन येऊ. जुनं ठेवून घे. कोण बघायला येतंय? डॉक्टरणीनं आपला पत्तासुद्धा लिहून घेतला नाही. मला हे तिच्यासाठी वाटत होतं. तिचा दिवस कशानं उजाडतो ते मला माहीत होतं.

ती बराच वेळ बशीतला चहा हलवत बसली.

"मीबी त्येच ठरवलं हुतं," ती म्हणाली. "आठ दिवस त्येच मनात. पर त्यो दाराला धडका द्यायचा, रात न्हाय दिवस न्हाय. मी इचार केला, मी त्येला बारा वर्सं चार भिंतीत ठिवलं आनि म्हनलं, किती गुनी हाय. गुनी कशाचा. जायला जागाच नव्हती त्येला."

मी दोघींच्या बशा विसळायला घेतल्या.

अजून दोन आठवडे थांबलो. नवं भरपूर खायला लागलं, जखम भरली. मग एका सोमवारी दोघी दोन बुट्ट्या घेऊन वन खात्याच्या कचेरीत गेलो. एक बुट्टी तिच्या मांडीवर, एक माझ्या, आणि बाकाच्या दोन टोकांना दोघी, कासवांची नजरानजर होऊ नये म्हणून. येणारे-जाणारे बघत होते. दोन म्हाताऱ्या भांडून बसल्यात असंच त्यांना वाटलं असेल.

तिथल्या माणसानं चिठ्ठी वाचली. रागावला नाही. कुठून आणली, किती दिवस होती, ते लिहून घेतलं, सही नाही तर अंगठा, काहीही चालेल म्हणाला. आम्ही दोघींनी सह्या केल्या. मग तो आतून पुठ्ठ्याचं एक खोकं घेऊन आला आणि टेबलावर ठेवलं.

"जोडी आहे का, आजी?"

"न्हाय," धाकटी म्हणाली. "दोन्ही गडी हायत. येका खोक्यात घालायची न्हाईत."

"थोडाच वेळ आहे हो. संध्याकाळी गाडी येईल, तोवर."

"संध्याकाळपतूरच घातली हुती आमीबी."

तो माणूस तिच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. मी म्हणाले, "दुसरं खोकं बघा, साहेब. ही उठणार न्हाय."

तो आत गेला. खोकी शोधल्याचा, कागद हलवल्याचा आवाज येत राहिला. धाकटी बुट्टीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. तो दुसरं खोकं घेऊन आला तेव्हा तिनं त्याला भोकं पाडायला लावली, बोट घालून भोकं तपासली, आणि मग आधी जुन्याला तिनं स्वतःच्या हातानं आत ठेवलं. त्याच्याशी काही बोलली नाही.